कुत्र्याची किडनी अचानक फेल, क्रिएटिनिन ६.४, शू जवळजवळ बंद. डॉक्टरांना काय काय विचारू?

भुऱ्याचीताई

हात थरथरतायत त्यामुळे टाइप करताना काही चुकलं तर समजून घ्या. माझा भुऱ्या, साडेपाच वर्षांचा, २२ किलो, आजवर एकदाही आजारी पडलेला नाही. शनिवारी संध्याकाळी फिरायला न्यायला पट्टा काढला तर उठलाच नाही, नुसते डोळे वर करून बघितलं, मला वाटलं दमला असेल. रविवारी सकाळी खाण्याला तोंड लावलं नाही, दुपारी दोन उलट्या, पिवळ्या फेसाळ, रात्री परत दोन. पोट बिघडलंय, एक दिवस पोटाला आराम मिळाला की होईल नीट असं घरात सगळेच म्हणाले आणि मीही तेच धरून बसले. सोमवारी पाणी प्यायचा आणि लगेच बाहेर काढायचा. तोंडाला विचित्र वास यायला लागला, मुतारीत येतो ना तसा. आणि संध्याकाळी बाहेर नेलं तर पाय वर केला, कितीतरी वेळ तसाच उभा राहिला, आणि चार थेंब आले फक्त. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

आज सकाळी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) ६.४, युरिया १४० च्या वर, पोटॅशियम ६.९. डॉक्टर म्हणाले ॲक्युट किडनी फेल्युअर आहे, ॲडमिट करा, सलाईन लगेच सुरू केलं. पुढचे २-३ दिवस महत्त्वाचे म्हणाले. मी इतकी सुन्न झाले होते की एक प्रश्न विचारला नाही, नुसती मान हलवत बसले. आता घरी आल्यावर डोक्यात शंभर प्रश्न आहेत. यातून वाचतात का कुत्री? शनिवारीच नेलं असतं तर काही वेगळं झालं असतं का? उद्या सकाळी डॉक्टर भेटतील तेव्हा त्यांना नेमकं काय विचारू? घरातले म्हणतायत की मुक्या जनावराचे हाल कशाला करता, किडनी गेली म्हणजे गेलीच. मला ते ऐकवत नाहीये. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

खुरटं शेपूट

ताई, आमच्या काळूचं क्रिएटिनिन ८.१ होतं. त्या गोष्टीला चार वर्षं झाली, आत्ता हे लिहितेय तर तो माझ्या पायावर डोकं ठेवून झोपलाय. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते की 'किडनी गेली म्हणजे गेली' हे अचानक झालेल्या फेल्युअरला लागू नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांची किडनी वर्षानुवर्षं झिजत जाते ती वेगळी गोष्ट, ती परत येत नाही. अचानक मार बसलेली किडनी काही वेळा सावरते, वेळ लागतो, पण सावरते.

डॉक्टरांना विचारायचं म्हणताय तर माझं एकच सांगणं, दर तासाला शू किती होतेय ते विचारा. क्रिएटिनिन किती झालं, कमी झालं का, हेच आम्ही पहिले दोन दिवस विचारत होतो. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका नर्सताईंनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की तो आकडा एवढ्यात हलणार नाही, तुम्ही ही पिशवी बघा. कॅथेटर (शू बाहेर काढायची नळी) लावलेला होता, पिशवीत रात्रभरात जेमतेम तळ ओला झाला होता. चौथ्या दिवशी त्याच पिशवीत २०० मिली दिसले आणि मी तिथे उभी राहून रडले. क्रिएटिनिन त्या दिवशीसुद्धा ७ च्या वर होतं, पण डॉक्टरांचा चेहरा बदलला होता.

कॅथेटर लावलाय का भुऱ्याला? नसेल तर निदान खाली पॅड ठेवून त्याचं वजन करतायत का ते विचारा. १ ग्रॅम वाढलं म्हणजे साधारण १ मिली शू.

स्टेथो

ताई, मी प्राण्यांचा डॉक्टर आहे, पण भुऱ्याला मी बघितलेलं नाही, त्यामुळे उपचार त्याचे डॉक्टर ठरवतील. फक्त तुम्हाला जे समजून घ्यायचंय ते सांगतो, मोठं होईल, उद्या सकाळपर्यंत सावकाश वाचा.

वर शूबद्दल लिहिलंय ते अगदी बरोबर आहे. निरोगी कुत्रा किलोमागे तासाला साधारण १ ते २ मिली लघवी करतो, म्हणजे २२ किलोच्या भुऱ्याची तासाला २२ ते ४४ मिली व्हायला हवी, आणि सलाईन चालू असताना त्याहून जास्तच. शरीरातला पाण्याचा तोटा भरून काढल्यावरही किलोमागे तासाला १ मिलीपेक्षा कमी होत असेल तर किडनी अडून बसलीय असं समजतात. इथेच एक धोका आहे जो घरच्यांना माहीत नसतो. सगळ्यांना वाटतं जितकं सलाईन जास्त तितकी किडनी धुऊन निघेल. तसं नाहीये. बाहेर जात नसेल आणि आपण आत ओतत राहिलो तर ते पाणी फुप्फुसात आणि अंगात साठतं. म्हणून दिवसातून किमान दोनदा वजन करायचं असतं. रात्रीतून एक किलो वजन वाढलं म्हणजे एक लिटर पाणी अडकलं, एका रात्रीत दुसरं काही वाढू शकत नाही. श्वास वाढणं, नाकातून पाणी येणं, पाय सुजणं ही पुढची लक्षणं. तर उद्या विचारा की वजन काल किती, आज किती, आत किती गेलं, बाहेर किती आलं. चांगले डॉक्टर या प्रश्नावर खूश होतील.

दुसरं पोटॅशियम. ६.९ जास्त आहे. किडनी बंद पडल्यावर माणसाला भीती वाटते ती युरियाची, पण जीव पटकन जातो तो पोटॅशियममुळे, कारण त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, अनियमित होतात. ईसीजी केला का विचारा. कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं असेल तर ते पोटॅशियम कमी करत नाही, हृदयाला काही वेळ सांभाळून धरतं फक्त, आणि तेवढ्या वेळात ग्लुकोज-इन्सुलिन देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतात. पण कायमचा इलाज एकच, शू सुरू होणं. पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी असेल तर ॲडिसन म्हणून एक आजार असतो तो हुबेहूब किडनी फेल्युअरसारखा दिसतो, त्याच्यासाठी कॉर्टिसोलची टेस्ट असते. सोडियम किती होतं रिपोर्टमध्ये ते बघा.

तिसरं, सलाईन लावायच्या आधी लघवीचा नमुना घेतला होता का? त्यात घनता बघतात. अंगातलं पाणी कमी झालेल्या कुत्र्याची लघवी घट्ट असायला हवी, १.०३० च्या वर. उलट्या होऊन सुकलेला कुत्रा आणि लघवी १.०१० ची पातळ, म्हणजे किडनी स्वतःच बिघडलीय. घट्ट असेल तर कदाचित फक्त पाणी कमी पडल्याने आकडे वाढलेत आणि ते सलाईनने झपाट्याने खाली येतात. सोनोग्राफीही हवी. नर आहे, पाय वर करून उभा राहतो आणि थेंब येतात असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे खडा अडकलाय का हे आधी बघायला हवं. मूत्राशय भरून टम्म असेल तर किडनी नाही, नळी तुंबलीय, तो वेगळा इमर्जन्सी मामला. मूत्राशय रिकामं असेल तर शू बनतच नाहीये.

आता शनिवारचं. खोटं बोलत नाही, दोन दिवस आधी उपचार सुरू झाले असते तर फायदा झाला असता. पण हेही खरं की शनिवारी रक्त तपासलं असतं तर क्रिएटिनिन कदाचित नॉर्मल दिसलं असतं. तो आकडा फार उशिरा वर येतो, किडनीचं सुमारे तीन चतुर्थांश काम थांबल्यावर. म्हणून एकदा नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत राहायचं नाही, लक्षणं चालू असतील तर २४ ते ४८ तासांनी परत करायचं. ०.८ वरून १.२ झालं तर कागदावर दोन्ही नॉर्मलच दिसतात, पण ४८ तासांत ०.३ ची वाढ म्हणजे किडनीला इजा झालीय असंच आम्ही धरतो. हे मी तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितोय. तुम्ही स्वतःला टोचत बसू नका, सुस्ती आणि दोन उलट्या हे शंभर आजारांत होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारण शोधा. आज रात्री शांत बसून गेल्या दहा-बारा दिवसांतलं आठवा. उंदीर-घुशींचा वावर असलेल्या जागी साचलेलं पाणी प्यायला का? माणसांची दुखण्याची गोळी, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, कोणी दिली का, किंवा पडलेली त्याने खाल्ली का? द्राक्षं, मनुका, बेदाणे? गाडीच्या खाली गळलेलं कूलंट? उंदीर मारायचं औषध, त्यातल्या काही प्रकारांत व्हिटॅमिन डी असतं त्याने कॅल्शियम वाढून किडनी जाते. उन्हात खूप धावून धापा टाकत पडला होता का, साप चावल्याची शंका, गोचीड तापाचे उपचार, हल्लीच भूल दिली होती का, जेंटामायसिन-अमिकासिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं? जे आठवेल ते डॉक्टरांना सांगा, लाजेने काही लपवू नका. कोणी रागावणार नाही.

भुऱ्याचीताई

डॉक्टरसाहेब, खूप खूप आभार, तुमचं वाचून मी रात्री फोन करून विचारलं. कॅथेटर आज संध्याकाळीच लावलाय, मूत्राशय रिकामं होतं, खडा नाही. पहिल्या चार तासांत फक्त ३५ मिली शू. लघवीची घनता १.०११. सोडियम नॉर्मल आहे. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या थोड्या मोठ्या आणि सुजल्यासारख्या दिसल्या म्हणे.

आणि आता जे लिहितेय ते लिहिताना हात जड होतोय. गेल्या बुधवारी तो मागच्या पायाने लंगडत होता. मी माझी आयबुप्रोफेनची अर्धी गोळी दिली त्याला. गुरुवारी परत अर्धी. मला खरंच माहीत नव्हतं. माणसांना चालतं ते कुत्र्याला थोडं कमी करून चालत असेल असं वाटलं. आणि दुसरं म्हणजे आमच्या मागच्या बाजूला पाण्याची टाकी गळते तिथे डबकं साचतं, तिथे घुशी आहेत हे आम्हाला माहीत आहे, आणि तो तिथे जाऊन पाणी पितो हेही माहीत होतं. म्हणजे दोन्ही माझ्याच हातून. डॉक्टरांना सगळं सांगितलं, ते फक्त एवढंच म्हणाले की सांगितलंत ते बरं केलंत, आणि लेप्टोवरचं (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणारा जंतूंचा आजार) अँटिबायोटिकचं इंजेक्शन लगेच सुरू केलं.

स्टेथो

ताई, गोळी तुम्ही त्याचं दुखणं कमी व्हावं म्हणून दिलीत. तेवढं लक्षात ठेवा.

ती काय करते ते सांगतो म्हणजे कोडं राहणार नाही. अंगात पाणी कमी पडलं किंवा ब्लड प्रेशर उतरलं की किडनी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याच्या जोरावर स्वतःचा रक्तपुरवठा टिकवून धरते. ही दुखण्याची औषधं नेमकी तीच द्रव्यं बंद करतात. शिवाय कुत्र्याच्या शरीरात आयबुप्रोफेन माणसापेक्षा जास्त वेळ फिरत राहतं. तुम्ही दिलेल्या डोसने एकट्याने हे झालं असेलच असं नाही, पण आधीच इन्फेक्शन असलेल्या किडनीला त्याने धक्का बसू शकतो. पोटात जखमाही होतात त्याने, म्हणून शी काळी डांबरासारखी होतेय का, उलटीत रक्त आहे का, हे बघायला सांगा.

कदाचित ते लंगडणं हीच लेप्टोची सुरुवात असेल. सुरुवातीला ताप, अंगदुखी, स्नायू दुखणं असतं, कुत्रा कडक चालतो, उठायला नको म्हणतो, आणि आपल्याला वाटतं पाय मुरगळला. किडनी सुजलेली, वय तरुण, घुशींचं डबकं, माझाही पहिला संशय तिकडेच जातो. रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू केलं हे योग्य केलं. फक्त पीसीआरसाठी (जंतू शोधायची टेस्ट) रक्त आणि लघवी दोन्ही अँटिबायोटिकच्या आधी घेतली का विचारा, कारण नंतर घेतली तर जंतू असूनही निगेटिव्ह येऊ शकते. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात सापडतात, नंतर लघवीत, म्हणून दोन्ही पाठवलेली बरी. अँटिबॉडीची टेस्ट एकदाच करून फार कळत नाही, दोन ते चार आठवड्यांनी परत करून आकडा चौपट झाला का ते बघतात. उलट्या थांबून खायला लागला की डॉक्सीसायक्लिन गोळी दोन आठवडे देतील. ती खाण्यासोबत द्यायची, कोरडी घशात टाकायची नाही, अन्ननलिकेला जखम होते.

आणि हे नीट वाचा. लेप्टो माणसांना होतो. सोमवारी जे चार थेंब पडले, घरात उलटी-शू कोणी पुसली, हाताने पुसली का? घरात कोणाला ताप, अंग दुखणं, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, डोकेदुखी असं काही झालं तर तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिल्या वाक्यातच सांगा की कुत्र्याला लेप्टोचा संशय आहे. बहुतेक वेळा ५ ते १४ दिवसांत त्रास होतो, पण महिनाभर लक्ष ठेवा. घरात गरोदर कोणी असेल, लहान मूल असेल तर आजच डॉक्टरांना विचारा. जमीन पातळ ब्लीचने पुसून कोरडी करा, हे जंतू कोरड्यात मरतात, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतात. हातमोजे घाला.

चिंगीचा बाबा

ताई, तुमचा भुऱ्या बरा व्हावा ही मनापासून इच्छा. माझी चिंगी नाही वाचली. मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये, इथे अजून कोणीतरी वाचत असेल ज्याचा कुत्रा आत्ता, या क्षणी, झुलत चालतोय, त्याच्यासाठी लिहितोय.

माझ्या गाडीचा रेडिएटर गळत होता. खाली हिरवट पाण्याचा डाग पडायचा, दुरुस्त करू करू म्हणून राहिलं होतं. एका रात्री चिंगी दारू प्यायल्यासारखी चालायला लागली, मागचे पाय एकमेकांत अडकत होते, खूप पाणी पीत होती, एकदा उलटी. आम्ही घाबरलो, रात्रभर जागलो. आणि सकाळी ती चांगली उठली. शेपूट हलवली, जिना चढली. आम्हाला इतकं हायसं वाटलं की दवाखान्यात जायचं रद्द केलं. तो दिवस चांगला गेला. तिसऱ्या दिवशी खाणं बंद, उलट्या, शू बंद. क्रिएटिनिन ९ च्या वर. तेव्हा मला विचारलं की कूलंट प्यायली होती का, आणि मला तो हिरवट डाग आठवला.

मला नंतर समजावून सांगितलं ते असं की कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड लागतं. आधी ते मेंदूवर चढतं म्हणून तोल जातो. मग काही तासांनी ते उतरतं आणि कुत्रा बरा दिसतो, पण त्याच वेळात लिव्हर त्याचं विष बनवत असतं आणि किडनीत बारीक खडे बसत असतात. एक ते तीन दिवसांत किडनी बंद. यावर उतारा आहे, फोमेपिझोल नावाचं औषध, ते नसेल तर शिरेतून अल्कोहोल देतात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पण कुत्र्याला ते पहिल्या आठ तासांत मिळालं तर खरा उपयोग. आम्ही ते सगळे तास घरी बसून आनंदात घालवले.

झुलत चालणारा कुत्रा सकाळी बरा झाला तरी दवाखान्यात न्या. एवढंच सांगायचं होतं.

निळी छत्री

चिंगीच्या बाबा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार. मी आत्ताच खाली जाऊन आमच्या गाडीखाली टॉर्च मारून बघून आले.

एक विचारायचं होतं, असं काही खाल्लं असं कळलं तर घरीच मीठपाणी पाजून उलटी काढावी का? आमच्याकडे हेच सांगतात. आणि द्राक्षांचं खरं आहे का, आमचा तर लहानपणापासून एखादं खातो.

स्टेथो

मीठपाणी अजिबात नको. रक्तातलं सोडियम वाढून फिट येते, मेंदूला सूज येते, त्यानेच कुत्री दगावलीत. उलटी काढायची ती दवाखान्यात, इंजेक्शनने, आणि तीही खाल्ल्यापासून एक-दोन तासांत सगळ्यात कामाची. द्राक्ष-मनुका पोटात जरा जास्त वेळ राहतात म्हणून उशीर झाला तरी फोन करून विचारा. गुंगीत असेल, तोल जात असेल, ॲसिडसारखं काही प्यायला असेल तर उलटी काढतच नाहीत. पाकीट, गोळ्यांची पट्टी, जे असेल ते सोबत न्या, किती गेलंय ते मोजून.

द्राक्षांचं खरं आहे. गंमत नाही, एखादा कुत्रा बरीच खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याची थोड्याशा मनुकांनी किडनी जाते, आणि आधी ओळखता येत नाही कोणाचं काय होईल. २०२१ मध्ये काही पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक ॲसिड असावं असं मांडलं, आणि द्राक्षात ते कमीजास्त असतं त्यामुळे हा फरक पडत असावा. मनुका, बेदाण्यात पाणी निघून गेल्याने सगळं दाट झालेलं असतं म्हणून ते जास्त वाईट. आजवर काही झालं नाही हे नशीब, उद्यापासून बंद करा. खाल्ल्यावर बहुतेक वेळा २४ तासांच्या आत उलट्या सुरू होतात आणि किडनीचे आकडे पुढच्या एक ते तीन दिवसांत चढतात, म्हणून उलटी थांबली तरी तीन दिवस रक्त तपासत राहायचं.

भुऱ्याचीताई

आज चौथा दिवस. काल दिवसभर काही लिहायची ताकद नव्हती, क्रिएटिनिन ७.३ झालं होतं, वजन ९०० ग्रॅमने वाढलं, श्वास जोरात चालला होता, डॉक्टरांनी सलाईन कमी केलं आणि लघवीचं इंजेक्शन दिलं. तोंडात जखमा झाल्यात, जिभेच्या कडेला, त्यामुळे लाळ गळतेय. घरातून पुन्हा तोच विषय निघाला, झोपवून टाका. डॉक्टर म्हणाले डायलिसिसचा विचार करायचा असेल तर आत्ताच करा, नंतर नको. मला खरं सांगा, किती दिवस थांबायचं? मी त्याच्यासाठी थांबतेय की माझ्यासाठी, हेच मला कळेनासं झालंय.

स्टेथो

खरं सांगतो. सगळी कारणं एकत्र धरली तर अचानक किडनी फेल झालेल्या कुत्र्यांतली साधारण निम्मी वाचतात. पण कारणागणिक फार फरक पडतो. कूलंट आणि शू बंद, फार थोडे. लेप्टो आणि नीट उपचार मिळाले तर दहातले सात-आठसुद्धा वाचतात, कारण जंतू मेले की किडनीला परत उभं राहायला जागा असते. तुमच्याकडे लेप्टोचा संशय दाट आहे आणि अँटिबायोटिकला अजून तीन दिवसही झाले नाहीत. क्रिएटिनिन सुरुवातीला वर जाणं हे अपेक्षितच होतं.

डायलिसिस हा किडनीचा इलाज नाही, किडनी सावरेपर्यंत रक्त साफ ठेवून वेळ मिळवून देणं आहे. शू होतच नसेल, पोटॅशियम औषधांना दाद देत नसेल, पाणी साठून श्वास लागत असेल, तर त्याची गरज असते, आणि कुत्रा अगदी कोसळायच्या आधी केलं तर उपयोग. तुमच्या आवाक्यात असेल तर आजच बोलणी करा. नसेल तर त्यात अपराधी वाटून घेऊ नका, औषधांवरही बरेच सावरतात.

हालांचं म्हणाल तर मळमळ, तोंडाच्या जखमा, पोटदुखी, या तिन्हीवर औषधं आहेत आणि ती भरपूर वापरायला सांगा. उलटी-मळमळ थांबवणारी मारोपिटंट, ओंडानसेट्रॉन चालू असतीलच. दोन-तीन दिवसांहून जास्त काही खाल्लं नसेल तर नाकातून बारीक नळी घालून पातळ खाणं द्यायला सांगा, पोट रिकामं ठेवून कोणी बरं होत नाही. हे सगळं करूनही, कारण सापडून उपचार चालू असूनही, शू येत नाही, पोटॅशियम चढतंय, फिट येतेय, आणि डायलिसिस शक्य नाही, तेव्हा झोपवणं हा त्याच्यावर केलेला उपकार असतो, आणि तुमचे डॉक्टर ती वेळ आली की तुम्हाला सांगतील. आज ती वेळ आलीय असं तुमच्या लिहिण्यावरून मला वाटत नाही. शू किती झाली काल?

भुऱ्याचीताई

काल रात्री आठ ते आज सकाळी आठ, ३१० मिली. इंजेक्शननंतर वाढली.

खुरटं शेपूट

ताई!! ३१० म्हणजे तासाला २५-२६. मी इथे मोठ्याने ओरडले. थांबा अजून. प्लीज थांबा.

स्टेथो

ताई, ही चांगली बातमी आहे, पण इंजेक्शनने लघवी वाढली म्हणजे किडनी तेवढीच सुधारली असं लगेच धरायचं नाही. वजन उतरतंय का, श्वास बसतोय का ते बघा. इंजेक्शनशिवाय टिकली तर मग खरं.

भुऱ्याचीताई

आठवा दिवस. पीसीआर पॉझिटिव्ह आली, लेप्टोच. डायलिसिसची वेळ आली नाही. क्रिएटिनिन ७.३ वरून ५.८, ४.१, आज ३.२. आणि आता उलटंच झालंय, शू इतकी होतेय की दिवसाला तीन लिटरच्या वर. मी म्हटलं आता बरा झाला, घरी न्यायचं का, तर डॉक्टर नाही म्हणाले. काल मी गेले तेव्हा त्याने शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. उठला नाही, पण आपटली.

खुरटं शेपूट

डॉक्टर बरोबर सांगतायत. काळूचं असंच झालं होतं आणि आम्हीच घाई केली होती. किडनीची गाळणी उघडते पण पाणी आणि क्षार परत ओढून घ्यायची तिची ताकद अजून आलेली नसते, त्यामुळे जेवढं बाहेर जातं तेवढं आत द्यावंच लागतं. आम्ही हट्ट करून घरी आणला आणि दुसऱ्याच दिवशी तो सुकून पडला, पोटॅशियम या वेळी खूप कमी झालं, मान उचलता येईना, परत ॲडमिट. सलाईन हळूहळू दर दिवशी थोडं थोडं कमी करतात आणि शू त्याबरोबर कमी होतेय का बघतात, मग सोडतात. तेवढे तीन-चार दिवस काढाच.

घरी आल्यावर पाणी सगळीकडे ठेवा, दोन-तीन जागी, ते कधीही उचलायचं नाही. पहिल्या आठवड्यात ३ ते ५ दिवसांनी रक्त तपासायला बोलावतात, ते चुकवू नका, तो कितीही उड्या मारत असला तरी. आमचं क्रिएटिनिन डिस्चार्जला २.४ होतं आणि जवळजवळ तीन महिन्यांनी १.५ वर येऊन थांबलं, तिथेच आहे. म्हणजे पूर्ण पूर्वीसारखी किडनी नाही झाली, खाणं किडनीचं वेगळं आहे, फॉस्फरस बघावा लागतो, ब्लड प्रेशर आणि लघवीतलं प्रोटीन सहा महिन्यांनी. पण तो जगतोय मजेत. आणि त्याच्या फाइलवर पहिल्या पानावर लाल पेनने लिहून घेतलंय, दुखण्याची साधी औषधं देऊ नये, भूल देण्याआधी सलाईन. तुम्हीही लिहून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर घाईत आपण सांगायचं विसरतो.

भुऱ्याचीताई

आज बाराव्या दिवशी घरी आणला. क्रिएटिनिन २.१. वजन अडीच किलोने कमी झालंय, बरगड्या हाताला लागतात, पण गाडीतून उतरल्यावर स्वतःच्या पायाने दारापर्यंत आला आणि उंबऱ्यावर बसून राहिला, जणू खात्री करून घेत होता. डॉक्सीसायक्लिन अजून नऊ दिवस आहे. शू करायला एकच कोपरा ठरवलाय, उन्हाचा, कोरडा, हातमोजे घालून धुते. आम्ही सगळ्यांनी आमच्या डॉक्टरांना दाखवलं, सगळे ठीक आहोत. टाकीची गळती त्याच आठवड्यात बंद केली आणि डबकं बुजवलं, घुशींची बिळं बुजवायचं काम चालू आहे. चिंगीच्या बाबा, तुमच्या चिंगीची रोज आठवण आली दवाखान्यात बसलेली असताना.

डॉक्टरसाहेब, एक शेवटचं. घरात दुसरी एक आहे, राणी, दोन वर्षांची, तीही त्याच डबक्यावर जायची. तिला काही होत नाहीये आत्ता. भुऱ्याला दरवर्षीची लस दिली होती, मग तरी कसं झालं हे?

स्टेथो

उंबऱ्यावर बसलेला भुऱ्या डोळ्यासमोर आला. फार बरं वाटलं.

राणीला उद्याच दाखवा, लक्षणं नसली तरी. एकाच जागचं पाणी प्यायलेल्या घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला बरेचदा डॉक्सीसायक्लिनचा कोर्स देतात आणि रक्त-लघवी बघतात. लसीचं म्हणाल तर कार्डावर लावलेलं स्टिकर वाचा. दरवर्षीच्या सगळ्या लसींत लेप्टो असतोच असं नाही, काहींत तो भाग वेगळा द्यावा लागतो. असला तरी त्यात लेप्टोचे दोन किंवा चार प्रकार असतात, जंतूचे प्रकार त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे लस घेऊनही क्वचित होतो. पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, मध्ये दोन ते चार आठवडे, आणि मग दरवर्षी न चुकता, कारण याचं संरक्षण साधारण वर्षभरच धरतात, पुढच्या डोसला बराच उशीर झाला तर परत दोन डोसपासून सुरू करायला सांगतात. भुऱ्याला पूर्ण बरा झाल्यावर द्यायचा, किती दिवसांनी ते त्याचे डॉक्टर त्याच्या रिपोर्टवरून सांगतील.

स्टिकरवर काय लिहिलंय ते इथे लिहा, बघतो.

भुऱ्याचीताई

बघितलं. भुऱ्याच्या तीनही वर्षांच्या स्टिकरवर लेप्टोचा उल्लेख नाही. राणीच्याही नाही. उद्या सकाळी साडेनऊची वेळ घेतलीय, दोघांना घेऊन जातेय.